तुम्ही विचारलंत म्हणून : रॉकेट आडवं का होतं?

पीएसएलव्हीचं, म्हणजे उपग्रह वर नेणाऱ्या इस्रोच्या रॉकेटचं, उड्डाण असलं की पहिल्या दोन मिनिटांतच मला कुणाचा तरी फोन येतो. "अहो, ते तिरकं चाललंय. बिघडलं का काही?"

बिघडलेलं नसतं. तिरकं झालं नाही तर काळजी करायची. उपग्रह वर टिकतो तो उंचीमुळे नाही. ५०० किलोमीटरवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८६ टक्के असतं; तिथे नेऊन एखादी वस्तू नुसती सोडली तर ती सरळ खाली येईल. तिला आडवा वेग हवा, सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर. मग ती पडतच राहते, पण खालची जमीनही तितकीच वाकत जाते. रॉकेटची बहुतेक मेहनत या आडव्या वेगासाठी असते. सुरुवातीला ते उभं चढतं, ते दाट हवेतून लवकर सुटायला. (श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या, कक्षेत जायचं तर आणखी एक वळण लागतं. सरळ दक्षिणेला श्रीलंका आहे, म्हणून आधी आग्नेयेला जायचं आणि मग वळायचं. त्यात इंधन जातं ते वेगळंच.)

एवढा वेग एका टप्प्यात मिळवणं फार अवघड, कारण रिकामी झालेली टाकीही ओढत न्यावी लागते. म्हणून जे संपलं ते टाकून द्यायचं. एक्सएल प्रकारातलं पीएसएलव्ही जमीन सोडताना सुमारे ३२० टनांचं असतं. आपल्याला दिसतो तो धूर आणि ऐकू येतो तो गडगडाट घन इंधनाच्या पहिल्या टप्प्याचा आणि त्याला बाहेरून बांधलेल्या सहा बूस्टरचा. दोन मिनिटांच्या आत ते सगळं समुद्राच्या वाटेला लागतं. दुसरा टप्पा विकास इंजिनाचा, द्रव इंधनावरचा. तिसरा पुन्हा घन, चौथा पुन्हा द्रव.

दुसरा टप्पा चालू असतानाच टोकावरची हीट शील्ड, म्हणजे उपग्रहाला हवेपासून जपणारं कवच, दुभंगून गळून पडते. काम किरकोळ वाटतं. ३१ ऑगस्ट २०१७ला पीएसएलव्ही-सी३९च्या वेळी ती सुटलीच नाही. चारही टप्पे नीट चालले, पण टनभर जादा वजन शेवटपर्यंत सोबत राहिलं, कक्षा खालची मिळाली आणि उपग्रह रॉकेटपासून वेगळा झाला तो त्या कवचाच्या आतच. मोहीम गेली.

तिसरा टप्पा विझला की दुसरा फोन. "वेग कमी होतोय हो!" पडद्यावरचा आकडा खरंच उतरत असतो. इंजिन बंद आहे, रॉकेट आधीच्या झोकावर चढतंय, वर फेकलेल्या चेंडूसारखं. मला सगळ्या उड्डाणात हीच शांतता सर्वांत आवडते. पुरेशी उंची गाठल्यावरच चौथा टप्पा पेटवायचा असतो. घन इंधन एकदा पेटलं की मनाला येईल तेव्हा विझवता येत नाही. त्यामुळे तोवर झालेलं कमीजास्त हा शेवटचा टप्पा निस्तरतो, कारण त्याला बरोबर हव्या त्या क्षणी थांबवता येतं. त्याच्या दोन इंजिनांचा जोर मिळून जेमतेम दीड टन. जमिनीवर तो स्वतःचं वजनही उचलू शकला नसता.

मग तोही थांबतो. थोड्या वेळाने उपग्रहाची पकड सुटते आणि स्प्रिंगा त्याला हलकेच पुढे ढकलतात, माणूस चालतो साधारण तेवढ्याच वेगाने. बहुतेक वेळा उड्डाणाला तोवर सतरा-अठरा मिनिटं झालेली असतात, आणि फोन करणाऱ्यांनी टीव्ही कधीच बंद केलेला असतो.