पूरग्रस्तांची वसाहत आणि पावसाचे पाणी

सहकारनगरमधील आमची वसाहत पर्वती आणि तळजाई या दोन टेकड्यांच्या मधल्या उतारावर आहे. मोजक्या गल्ल्या, बैठी किंवा एकमजली घरे, प्रत्येक घराभोवती थोडेसे आवार आणि त्यात आंबा, चाफा किंवा निदान कढीपत्ता, एवढाच तिचा पसारा. पुण्याच्या नकाशावर तिला वेगळे नाव नाही, पण ती वसली कशी हे मात्र जुन्या पुणेकरांना सांगावे लागत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे काम पुरते न झालेले धरण फुटले, त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचे धरणही फोडले आणि मुठा नदीचे पाणी नारायण, शनिवार आणि कसबा पेठेतील वाड्यांत शिरले. पाणी ओसरल्यावरही मातीच्या भिंती भिजून बसत गेल्या. ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर गेले, त्यांच्यासाठी तेव्हाच्या शहराच्या कडेला गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत जागा काढण्यात आल्या. आमच्याकडे सरकारने जमीन पूरग्रस्तांच्या सहकारी संस्थेला भाडेपट्ट्याने दिली आणि संस्थेने तिचे प्लॉट पाडून सभासदांना दिले. आजोबांच्या ट्रंकेत त्या भाडेपट्ट्याची प्रत अजून आहे. तिच्या घड्या आता इतक्या विरल्या आहेत, की ती उघडताना खाली वर्तमानपत्र धरावे लागते.

नदीने घालवलेली माणसे नदीपासून लांब आली, ही इथली जुनी समजूत. तीत तथ्य होते; मुठा इथून लांबच आहे. पण आंबील ओढा लांब नाही. कात्रजच्या डोंगरातून निघालेला हा ओढा धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर असा येत पर्वतीच्या पायथ्यावरून दत्तवाडीकडे जातो आणि मुठेला मिळतो. पेशव्यांच्या काळी याच ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीखाली तळे करण्यात आले. त्याच तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. ओढ्याला वळवता येते, बांधता येते, हे पुण्याला तेव्हापासून ठाऊक आहे. त्याला जागा लागते, हे मात्र आपण सोयीने विसरलो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला आणि काही तासांत ओढा पात्राबाहेर आला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली, सोसायट्यांच्या आवारातल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. आमची गल्ली थोडी वर असल्याने वाचली. दुसऱ्या दिवशी खालच्या सोसायट्यांत चिखल उपसायला गेलेल्यांमध्ये पानशेत पाहिलेल्या एक आजी होत्या. त्यांना कोणी फावडे देईना, तर त्या कट्ट्यावर बसून कोणती गादी उन्हात टाकायची आणि कोणती फेकून द्यायची, एवढेच सांगत राहिल्या. त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही.

आता आमच्याकडे पुनर्विकासाचे वारे आहे. त्याला माझा विरोध नाही. साठ वर्षांची घरे गळतात, जिना चढणे ज्येष्ठांना जमत नाही, आणि एका प्लॉटवर तीन भावांच्या संसारांना जागा पुरत नाही. जमिनीचा भाडेपट्टा, हस्तांतरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, रस्त्याची रुंदी नऊ मीटरपेक्षा कमी असल्यास टीडीआर (म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामहक्क विकत घेऊन इथे वापरण्याची मुभा) न मिळणे, या सगळ्यांवर सभेत तासन्‌तास वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण ज्या वसाहतीचा जन्मच पुरातून झाला, तिच्या सभेत पावसाचे पाणी कुठे जाणार हा प्रश्न कोणी काढत नाही, याचे मला नवल वाटते.

आज उतारावरून येणारे पाणी प्रत्येक आवारातल्या उघड्या मातीत थोडे थोडे मुरते. घराच्या बाजूची ती अरुंद पट्टी, जिथे जुने माठ आणि सायकली पडलेल्या असतात, तीच हे काम करते. चार प्लॉट एकत्र करून इमारत उभी राहिली, की पार्किंगसाठी तळघर खणले जाते, वर फरशा येतात आणि माती फक्त कुंड्यांत उरते. मोठ्या भूखंडांना पर्जन्यजलसंधारण सक्तीचे आहे, हे खरे. परंतु गच्चीचा पाइप एका खड्ड्यात सोडून कागद पूर्ण करणे आणि टेकडीवरून आलेले पाणी खरोखर जिरवणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

म्हणून विकसकाबरोबरच्या कराराच्या मसुद्यात तीन गोष्टी असाव्यात, अशी लेखी सूचना मी संस्थेला दिली: प्लॉटचा काही भाग तळघराविना उघडी जमीन म्हणून राहावा, तळघराच्या उताराचे तोंड रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावे आणि गल्लीतील पावसाळी गटार नव्या बांधकामाच्या हिशेबाने मोठे करून घ्यावे. चटईक्षेत्राचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल याचा, विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला आहे. सचिवांनी माझी सूचना ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयां’त घातली आहे, आणि त्या विषयांपर्यंत आमची सभा सहसा पोहोचत नाही. त्यामुळे या वेळी मी चहा उशिरा आणायला सांगितला आहे.