आठव्या महिन्यात लस कशाला घेतलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दिवस भरत आलेले, साधी डोकेदुखीची गोळी घ्यायलाही मन धजत नाही, अशा वेळी डांग्या खोकल्याची लस का टोचून घेतलीस, असं मला नात्यातल्या बायकांनी विचारलं, मैत्रिणींनी विचारलं. ज्यांना आता दिवस गेलेत, त्या तर हमखास विचारतात. ती लस मी घेतली ती बाळासाठी.

बाळाची स्वतःची लस सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होते आणि एका डोसाने पुरेसं संरक्षण मिळत नाही. तोवर बाळ उघडं पडलेलं असतं. या आजाराने दगावणारी बहुतेक बाळं नेमकी याच वयाची असतात.

मोठ्या मुलांमधला डांग्या खोकला ओळखू येतो. उबळ सुटली की थांबत नाही, चेहरा लालबुंद होतो, शेवटी श्वास आत ओढताना घशातून लांब आवाज निघतो, मग उलटी. तान्ह्या बाळात तेवढा जोरच नसतो. खोकला जेमतेम ऐकू येतो, कधी येतही नाही. बाळ एकदम गप्प होतं, ओठ निळे पडतात, श्वास काही क्षण थांबतो. हे समजल्यावर मला आणखी काही ऐकायची गरज उरली नाही.

लस घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांत आईच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारे घटक, भरपूर तयार होतात आणि वारेतून बाळाकडे जातात. शेवटच्या तीन महिन्यांत ती सर्वांत जास्त जातात, म्हणून अमेरिकेत २७ ते ३६ आठवडे हा काळ सांगतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली मोठी साथ आली, तान्ही बाळं दगावली आणि त्याच वर्षी तिथे गरोदर बायकांना ही लस द्यायला सुरुवात झाली. पुढच्या पाहणीत दिसलं, की लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या तीन महिन्यांत हा आजार होण्याचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होता. एका टोचण्यातून एवढं मिळत असेल, तर मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

‘पण धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय की!’ हे मला सर्वांत जास्त ऐकावं लागतं, आणि इथेच गडबड होते. ते इंजेक्शन म्हणजे टीडी, त्यात धनुर्वात आणि घटसर्प, एवढंच. डांग्या खोकल्याचा भाग त्यात नसतो, तो टीडॅप या लसीत असतो. नावं इतकी सारखी, की कार्डावर काय लिहिलंय ते नीट वाचा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

बाळंतपणानंतर घेतली तर? आईला फायदा होतो, पण वारेची वाट तोवर बंद झालेली असते. दुधातून थोडी प्रतिपिंडं जातात, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

लसीत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे तिच्यापासून हा आजार होत नाही. माझा दंड दुखला, सुईच्या जागी गाठ आल्यासारखं लागत होतं आणि रात्री त्या कुशीवर वळवेना. कुणाला कणकण येते, थकवा येतो. आधी लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल, तर मात्र ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

पुढच्या खेपेला ती परत घ्यावी लागते, कारण प्रतिपिंडं टिकत नाहीत. बाळाची स्वतःची लसही वेळेवरच द्यायची, आईने घेतली होती म्हणून ती पुढे ढकलायची नाही. आणि घरात कुणी खोकत असेल, मग ती आजी का असेना, बाळाला त्यांच्या मांडीवर द्यायचं नाही. मोठ्यांमध्ये हा आजार नुसत्या चिवट खोकल्यासारखा दिसतो आणि बाळाला तो बहुतेकदा घरातल्याच माणसाकडून लागतो.