सहा इंच पाऊस आणि ईथनच्या हातातला कागद

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘बंधाऱ्यावर किती झालं?’ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. शहरात ऊन पडलं तरी नदी चढू शकते, कारण पाणी राधानगरी-गगनबावड्याकडून येतं, हेही इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून ‘हेवी रेन’ हा गेम कोल्हापूरकराच्या हातात पडला की त्याची नजर आधी जाते ती पडद्यावर येणाऱ्या पावसाच्या आकड्याकडे. या गेमच्या कथेतल्या भोकांवर खूप वाद होतात. त्यातली काही भोकं खरी आहेत आणि काही नुसती वाटतात. पावसाचा आकडा दुसऱ्या जातीतला.

पुढे खुन्याचं नाव उघड सांगितलं आहे. गेम खेळायचा राहिला असेल तर आधी खेळा, मग इकडे या.

क्वांटिक ड्रीम या फ्रेंच स्टुडिओने हा गेम २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ वर आणला. लेखन-दिग्दर्शन डेव्हिड केज यांचं. २०११ मध्ये त्याला कथेसाठी बाफ्ता हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, म्हणून कथेची झाडाझडती घ्यायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पात्रं चार: आर्किटेक्ट ईथन मार्स, खासगी गुप्तहेर स्कॉट शेल्बी, एफबीआयचा नॉर्मन जेडन आणि पत्रकार मॅडिसन पेज. ‘ओरिगामी किलर’ पावसाळी शरद ऋतूत मुलं पळवतो. खड्ड्यात कोंडलेलं मूल पावसाच्या पाण्यात बुडून मरतं. प्रेताच्या हातात ओरिगामी, म्हणजे कागदाला घड्या घालून केलेली आकृती, आणि छातीवर ऑर्किडचं फूल सापडतं. साधारण सहा इंच पाऊस झाला की मूल वाचत नाही, हा तपासातला हिशेब. ईथनचा धाकटा मुलगा शॉन पळवला जातो आणि हे घड्याळ चालू होतं.

सहा इंच म्हणजे सुमारे १५२ मिलिमीटर. मुसळधार दिवसांत गगनबावड्याला एवढा पाऊस एका दिवसात होतो. आता आक्षेप असा, की उघड्या खड्ड्यात सहा इंच पाऊस पडला तर पाणीही सहा इंचच साठणार. घोटा जेमतेम बुडेल, मूल कसं बुडेल? ज्याला नदी कळते तो इथं लगेच पाणलोट विचारतो. खड्डा तोंडाला चार फूट बाय चार फूट, म्हणजे १६ चौरस फूट धरा. वरच्या लोखंडी जाळीपर्यंत खोली सहा फूट, म्हणजे ७२ इंच. सहा इंच पावसात ७२ इंच पाणी हवं, तर तोंडाच्या बारा पट क्षेत्रावरचं पाणी आत वळलं पाहिजे. ते झालं १९२ चौरस फूट. पत्र्यावरचं दहा ते वीस टक्के पाणी शिंतोडे आणि गळतीत जातं असं धरलं, तरी २१० ते २४० चौरस फूट पुरेत. पंधरा बाय सोळाची एक शेड झाली. गेममधली जागा जुनं गोदाम आहे, त्याच्या छपराचा एक कोपरा त्या खड्ड्यावर सोडला की काम झालं. फक्त खालची निचऱ्याची वाट बुजवलेली हवी. ती उघडी राहिली तर सगळा हिशेब वाहून जाईल.

दुसरा आक्षेप उंचीचा. पोरं लहान-मोठी, मग आकडा सगळ्यांना एकच कसा? कारण पोरगं पाण्याबरोबर वर तरंगतं. पाणी जाळीला टेकेपर्यंत त्याला श्वास मिळतो. म्हणजे आकडा पोराच्या उंचीवर ठरत नाही, जाळीच्या उंचीवर ठरतो. खड्डा प्रत्येक वेळी तोच असेल तर आकडाही तोच येणार. लोक ज्याला सर्रास भोक म्हणतात ती ही जागा चांगली घट्ट विणलेली आहे.

उसवते ती दुसरीकडे. गार पाण्यात तासन्तास हातपाय मारणारं दहा वर्षांचं पोर पाणी जाळीला लागायच्या आधीच गारठून हात सोडेल. शिवाय पावसाची मोजणी शहराची आणि खड्डा एका गोदामातला. रंकाळ्यावर भुरभुर आणि त्याच वेळी कसबा बावड्यात धो धो, हे आपण दर वर्षी बघतो. त्यामुळे गेमने आकडा तीन दशांशांपर्यंत दाखवला तरी खरी मुदत अर्धा-पाऊण दिवस इकडेतिकडे होणारच. लेखकाने हे एका पात्राच्या तोंडी घातलं असतं तर भीती उलट वाढली असती. मुदत नेमकी ठाऊक असण्यापेक्षा ती सरकू शकते हे ठाऊक असणं जास्त जीवघेणं असतं.

आता खुनी. तो शेल्बी. १९७७ मध्ये बांधकामाच्या जागेवर खेळताना त्याचा जुळा भाऊ जॉन फुटक्या पाइपात अडकला आणि पावसाचं पाणी चढत गेलं. शेल्बी धावत बापाकडे गेला. दारूच्या नशेतला बाप जागचा हलला नाही. मुलासाठी स्वतःला पणाला लावणारा बाप जगात आहे का, हे तो आता बघतो आहे. म्हणून तो मुलाला स्वतःच्या हाताने मारत नाही, पावसाला मारू देतो. म्हणून बापाला शूबॉक्स, म्हणजे बुटांचा डबा, त्यात ओरिगामी आणि प्रत्येक ओरिगामीमागे एक परीक्षा.

हा हेतू पोकळ आहे असं म्हणणाऱ्यांनी सुझन बोल्सचा प्रसंग पुन्हा खेळावा. मुलगा गमावलेल्या या बाईने हाताची शीर कापून घेतलेली असते. शेल्बी तिला वाचवतो, तिच्या तान्ह्या बाळाचं लंगोट बदलतो, दूध पाजतो. खुनी असं कशाला करेल, असा प्रश्न पडतो. त्याचा राग बापांवर आहे. आया आणि पोरं यांच्याबद्दल त्याच्या मनात काहीच वाईट नाही. त्याच्या लेखी ती पोरंसुद्धा बापाच्या नाकर्तेपणाने मेली. या एका धाग्याने त्याचं अर्धं वागणं उलगडतं. मेलेल्या मुलांच्या घरी तो जातो, तेही बापांना आलेली पत्रं आणि डबे गोळा करून नष्ट करायला. उलगडा झाल्यावर हे सगळं मागे जाऊन तपासलं तरी जुळतं, आणि तिथं लेखकाला मनापासून दाद द्यावी लागते.

मग खरं भोक कुठं आहे? ईथनच्या हातात.

थोरला मुलगा जेसन गाडीखाली गेल्यावर ईथनला झटके येतात. तो भान हरपतो आणि थेट शहरातल्या कार्नाबी स्क्वेअरमध्ये उभा असलेला सापडतो, हातात ओरिगामी घेऊन. बुडालेली प्रेतं त्याला दिसतात, हे तो मानसोपचारतज्ज्ञालाही सांगतो. खुनी ईथनच असावा असं खेळणाऱ्याला वाटायला लावणं हा यामागचा डाव. पण खुनी शेल्बी ठरल्यावर ईथनच्या हातात कागद आला कुठून? उलगड्याच्या झलकांमध्ये जुन्या वस्तूंचा दुकानदार मॅनफ्रेड याचा खून दिसतो, हा कागद मात्र दिसत नाही. मूळ आराखड्यात ईथन आणि खुनी यांच्यात एक अतींद्रिय नातं होतं. ते नंतर काढून टाकलं. कारण गेलं आणि परिणाम तसाच राहिला. भिंत पाडून दाराची चौकट उभी ठेवावी, तसं झालं.

दुरुस्ती अवघड नव्हती. झटके ठेवा. सहा महिने कोमात राहून आलेल्या माणसाला ते शोभतात. बुडालेल्या मुलांची स्वप्नंही ठेवा, पण त्याआधी ईथनच्या जेवणाच्या टेबलावर खुन्याच्या बातमीचं वर्तमानपत्र पडलेलं दाखवा. मुलगा गमावलेल्या बापाला त्या बातमीने झोप लागणार नाही, एवढं कुणीही समजून घेईल. राहिला कागद. तो एकतर पूर्ण काढा, नाहीतर शेवटच्या झलकांमध्ये तीन सेकंद द्या: भान हरपून उभ्या असलेल्या ईथनच्या मुठीत शेल्बी घडी घातलेला कागद सरकवतो. पुढचा बाप निवडण्याआधी शेल्बी त्याच्यावर पाळत ठेवून होता, हेही तेवढ्यात कळलं असतं.

मॅनफ्रेडचं दुकान हा दुसरा मोठा वाद. पत्र कुठल्या टाइपरायटरवर छापलं हे शोधत शेल्बी आणि लॉरेन तिथं जातात. लॉरेनचाही मुलगा या खुन्याने घेतलेला. मॅनफ्रेड गिऱ्हाइकांची यादी आणायला आत जातो, कॅमेरा काही क्षण लॉरेन आणि संगीतपेटीपाशी रेंगाळतो, आणि मग मॅनफ्रेड मेलेला सापडतो. त्या वेळात शेल्बीने काय काय केलं ते मोजा. आत जाणं, घाव घालणं, पोलिसांना फोन करणं, परत येऊन शोधाचं नाटक. नुसता फोनच पंधरा-वीस सेकंद घेतो. वेळ ताणून बसवता येईल. श्वास कसा बसवायचा? दम्यामुळे जिना चढून धापा टाकणारा माणूस आहे हा. माणूस मारून आलेला शेल्बी शांत उभा असतो, तिथं प्रसंग ढिला पडतो. परत आल्यावर त्याने एकदा इनहेलर ओढला असता, तर पहिल्या खेळात आपण तो त्याचा आजार समजलो असतो आणि दुसऱ्या खेळात अंगावर काटा आला असता. लगेच पुढे बोटांचे ठसे पुसायचं काम आपल्याच हातून करून घेतलं आहे, ते मात्र जबरदस्त. निरपराध माणसाला वाचवतोय या समजुतीत आपण खुन्याचा पुरावा पुसतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे मनातले विचार. एल २ बटण दाबलं की पात्राभोवती त्याचे विचार फिरतात. शेल्बीच्या डोक्यात डोकावलं तर खुनी शोधणाऱ्या गुप्तहेराचे विचार सापडतात. कॅमेऱ्याने नजर वळवली तर ती लपवाछपवी, आणि रहस्यकथेत ती चालते. पण मनातल्या मनात माणूस स्वतःशी खोटं कशाला बोलेल? इथं दुहेरी अर्थाची वाक्यं हवी होती. ‘हे पत्र पोलिसांच्या हाती लागता कामा नये.’ गुप्तहेर म्हणून वाचलं तर पोलीस तपासाचा विचका करतील असा अर्थ, खुनी म्हणून वाचलं तर पुरावा. ‘हा डबा याने अजून जपून ठेवलाय.’ यातही तेच. असं एक वाक्य पाडायला वेळ लागतो, पण सगळा गेम त्यावर उभा असताना तो वेळ द्यायलाच हवा होता.

बाकीच्या गोष्टी याच्यापुढे लहान. मॅडिसन झोप लागत नाही म्हणून मोटेलवर येते आणि नेमकी ईथनच्याच वाटेत पडते. ती पत्रकार आहे, त्याचा माग काढत आली असं दाखवलं असतं तर योगायोगाची गरजच उरली नसती. मुलगा बुडत असताना त्या दोघांचं जवळ येणं तर ईथनच्या सगळ्या धडपडीला मारक आहे. क्रेमर या बड्या धनिकाच्या बंगल्यात शेल्बी एकटा घुसून पहारेकऱ्यांचे मुडदे पाडतो, तेही पटत नाही. एकेक कागद शोधून जाळणारा सावध माणूस एवढा गोंगाट करणार नाही.

आपल्याकडे कुणी मराठीत असा गेम लिहायला घेतला असेल, तर मोठ्या कागदावर चार रकाने आखा: वेळ, जागा, त्या क्षणी कुणाला काय माहीत, कुणाच्या हातात कोणती वस्तू. प्रत्येक पात्राला वेगळी ओळ. कथेतला एखादा भाग काढला की तो शब्द चारही रकान्यांत शोधून खोडा. सगळ्यात जास्त चुका चौथ्या रकान्यात सापडतात, कारण प्रसंग खोडताना वस्तू कुणी खोडत नाही. ईथनच्या ओळीत ‘कागदी ओरिगामी, देणारा कोण?’ असा प्रश्न त्या रकान्यात कुणी लिहिला असता, तर ती जागा रिकामी आहे हे शेजारून जाणाऱ्यालाही दिसलं असतं.