पैसे पडले, पण कुठल्या खात्यात?

16 ऑगस्ट 2024, शुक्रवार. लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून 3000 रुपये 14 तारखेपासून खात्यांत पडायला लागले होते. 15 ला सुट्टी होती आणि सोमवारी राखीपौर्णिमा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात बँकेची शाखा नाही, ती तालुक्याला. गावात बँक मित्राचं केंद्र आहे, आधारच्या मशीनवर बोट लावून खात्यातले पैसे काढून देणारं. ते मी चालवतो. शटर उघडायच्या आत ओट्यावर पिशव्या ठेवून नंबर लागले होते.

ऑगस्ट हा आमच्याकडे सगळ्यात कोरडा महिना, पाऊस कितीही पडो. पेरणीत पैसा गेलेला, सोयाबीन-कापूस हातात यायला दोन-तीन महिने, कामं असलीच तर खुरपणीची. त्यात राखी, पोळा आणि गौरी-गणपती ओळीने येतात. भूमिहीन घराला याच दिवसांत सावकाराच्या दारात जावं लागतं, आणि शेकडा तीन-चार रुपये महिन्याने घेतलेले दोन हजार दिवाळीपर्यंत मानेवर बसतात. पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6000 ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच. म्हणजे बहुतेक घरांत पुरुषाला, आणि मजुराच्या घरात कुणालाच नाही. त्यामुळे रांगेतल्या कितीतरी बायांसाठी स्वतःच्या नावाने, दर महिन्याला येणार असं कळलेला हा पहिलाच पैसा होता. रक्कम लहान आहे. पण ती कधी येणार हे ठाऊक असलं की किराणावाला उधारी देतो आणि सावकाराकडे जाणं टळतं.

पहिली अडचण बोटांची. खुरपं धरून आणि भांडी घासून रेघा पुसटतात, आणि पावसाळ्यात दिवसभर ओल्या रानात राहिलेली बोटं सुरकुतलेली असतात. मशीन ते बोट घेत नाही. अशा वेळी बोट कोरड्या फडक्याने पुसून पाच-दहा मिनिटं थांबायचं, काच पुसायची, अंगठ्याचा हट्ट सोडून अनामिका किंवा करंगळी लावून बघायची. या बोटांवर कामाचा भार कमी असतो, रेघा टिकून असतात. उलट बोट अगदी कोरडं, भेगाळलेलं असेल तर किंचित ओलसर करावं लागतं. पुन्हापुन्हा दाबून उपयोग नाही. ठरावीक चुकांनंतर बँक त्या दिवसापुरता व्यवहारच बंद करते. आणि कधीकधी व्यवहार फसतो पण खात्यातून रक्कम वजा होते. ती आपोआप परत यायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यासाठी पाच दिवसांची मुदत आहे, पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणून फसलेल्या व्यवहाराचीही पावती जपून ठेवायची. पावती दिली नाही तर बाईला काय झालं ते कधीच कळत नाही, आणि काही ठिकाणी याचाच फायदा घेतला जातो: 'शिल्लक बघतो' म्हणून बोट लावून घ्यायचं आणि पैसे काढून मोकळं व्हायचं. किंवा हजाराला वीस-तीस रुपये कापायचे. ग्राहकाकडून असं काही घ्यायचा बँक मित्राला अधिकार नाही, त्याचं कमिशन बँक देते. गावात हे मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे.

दुसरी अडचण नोटांची. बाईने बोट लावलं की तिच्या खात्यातले 3000 माझ्या सेटलमेंट खात्यात येतात आणि तिला नोटा जातात त्या माझ्या गल्ल्यातल्या. लाखाची हातशिल्लक असली तर तेहतीस बायांत संपते. मग आकडा खात्यात आणि रांग दारात. त्या दिवशी अकराच्या सुमारास गल्ला तळाला गेला. तालुक्याच्या शाखेतही तशीच गर्दी, तिथून लवकर काही मिळायचं नव्हतं.

वाट निघाली ती किराणा दुकानातून. दुकानदार एरवी आठवड्याचा भरणा तालुक्याला नेतो. तो त्या दिवशी चाळीस हजार घेऊन केंद्रावरच आला. रबर लावलेल्या गड्डीवर कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने बेरीज. त्यातल्या बऱ्याच नोटा सकाळी माझ्याच गल्ल्यातून गेलेल्या होत्या. बायांनी त्या आधी उधारीच्या वहीवर नेऊन दिल्या, दुकानदाराने भरणा केला, आणि त्याच नोटा रांगेतल्या पुढच्या बायांच्या हातात पडल्या. दुपारी खतवाल्याचा भरणा आला, मग पिठाच्या गिरणीवाल्याचा. संध्याकाळपर्यंत रांग हलत राहिली ती अशी.

रोख मदत एका घरात देतात पण ती एका घरात राहत नाही, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार? केनियातल्या सियाया भागात याचा मोठा अभ्यास झाला आहे. 653 गावांतल्या त्या प्रयोगात साडेदहा हजारांवर गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे 1000 डॉलर दिले गेले. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथल्या स्थानिक अर्थव्यवहारात सुमारे अडीच डॉलरची भर पडली, किमती मात्र जवळपास हलल्या नाहीत. ज्यांना मदत मिळाली नाही त्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं. ती रक्कम आमच्या 1500 पेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे तोच आकडा इथे लावता येणार नाही. पण वही, गल्ला आणि पुन्हा वही ही वाट तीच.

'बायांच्या हातात पैसा गेला की नवरे दारूत घालतात' हे रांगेबाहेर उभे असलेले दोघे-तिघे बोललेच. तेव्हा जागतिक बँकेत असलेल्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासले होते. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं एकंदरीत आढळलं नाही, बऱ्याच ठिकाणी तो घटलेला दिसला. आमच्या रांगेत ऐकू येत होतं ते असं: दुकानाची वही, पोराचे बूट, सासूच्या बीपीच्या गोळ्या, भावाकडे जायचं एसटीचं भाडं. दोन हप्ते एकदम आल्याने एकीने बचत गटातून चार हजार घेऊन त्यात घातले आणि शेळीची पाठ, म्हणजे अजून न व्यायलेली मादी, घेतली. महिन्याने येणारा पैसा पोटात जातो आणि एकरकमी आलेला वस्तूत, हे इतर देशांतही दिसलं आहे. दोन्हीची गरज वेगळी. महिन्याचा पैसा खाण्यात गेला म्हणून तो वाया गेला असं म्हणणाऱ्यांनी ऑगस्टमधलं मजुराचं ताट बघावं.

दुपारनंतर ऊसतोड करणारी एक मावशी आली. घर ती आणि दोन पोरं. अर्ज मंजूर, पासबुकात मात्र शून्य. तिने अर्जात जनधन खात्याचा नंबर दिला होता, मग पैसा गेला कुठे?

या योजनेचा पैसा अर्जातल्या खाते क्रमांकावर जात नाही, तो आधारवर जातो. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यादीत, म्हणजे मॅपरमध्ये, प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेची नोंद असते, शेवटी ज्या बँकेने सीडिंग (अनुदानासाठी आधारची जोडणी) केलं तिची. तिथे खाते क्रमांकही नसतो, फक्त बँक. त्या बँकेत आधार ज्या खात्याला जोडलेलं, तिथे पैसे पडतात. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. त्यासाठी वेगळं संमतीपत्र लागतं. पण नवं खातं उघडताना त्या कागदांच्या गठ्ठ्यात हे संमतीपत्रही सही करून घेतलं जातं, आणि बाईच्या नकळत तिचं अनुदान दुसऱ्या बँकेकडे वळतं.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं, पण ओटीपी लागतो. मावशीच्या आधारला पुण्यातल्या भाच्याचा नंबर. त्याला फोन लावला. पडद्यावर नाव आलं ते दुसऱ्याच बँकेचं, तारीख आदल्या वर्षीची. मावशीला आठवलं: गटकर्ज घेताना तिथे खातं काढलं होतं. मशीनवर ती बँक निवडून बोट लावलं. शिल्लक 634 रुपये. मिनी स्टेटमेंट काढलं तर सगळं समोर आलं: 3000 जमा, कर्जाचा थकलेला हप्ता 2130 वळता, आणि हप्ता चुकल्याचा दंड 118 रुपये, तोही दोनदा.

मावशी पावती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हप्ता माझाच हाय दादा, तो मी भरलाच असता. पण मला इचारून तर घ्यायचा. पोरीच्या वह्या आधी घेतल्या असत्या, हप्ता पुढच्या आठवड्यात."

रोख मदत आणि वस्तूरूप मदत यांतला सगळा फरक तिच्या या बोलण्यात आहे. आधी काय आणि नंतर काय, हे त्या घरात राहणारी बाई ठरवते, म्हणून रोख पैसा उपयोगी पडतो. तो ठरवण्याचा हक्क खात्यातच काढून घेतला तर कागदावर 3000 पोहोचलेले दिसतात, पण घरात मदत झालेली नसते. ही रक्कम कर्जापोटी किंवा दंडापोटी कापू नये, असं शासनाने बँकांना सांगितलं होतं. त्याच आधारावर तिचा लेखी अर्ज तिथेच लिहिला: खाते क्रमांक, जमेची तारीख, कापलेल्या तिन्ही रकमा, सोबत मिनी स्टेटमेंट. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घ्यायची, हे तिला दोनदा बजावलं, कारण तोंडी तक्रारीचा मागोवाच लागत नाही.

जनधन खात्याकडे अनुदान परत वळवायचं तर तिथेही एक गाठ होती. जनधन योजना 28 ऑगस्ट 2014 ला सुरू झाली. तेव्हाच्या पहिल्या खात्यांची दहा वर्षं नेमकी याच वेळी भरत होती, आणि कमी जोखमीच्या खात्यांची केवायसी दहा वर्षांनी नव्याने करावी लागते. शिवाय बराच काळ व्यवहार नसल्याने खातं झोपलेलं. म्हणून क्रम असा लागला: आधी केवायसी, मग खातं चालू करून घेण्यासाठी एक छोटा भरणा, मग आधार सीडिंगचं संमतीपत्र. त्या फॉर्मवर आधीच्या बँकेचं नाव लिहायचा रकाना असतो, तो कोरा ठेवला की सीडिंग बऱ्याचदा अडकतं. अंगठा शाखेतच द्यावा लागतो, म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी बुडाली. हा खर्च कुठल्याच अहवालात येत नाही.

पुढे दंडाचे 236 रुपये परत आले, हप्त्याचे नाही. सप्टेंबरअखेरचा तिसरा हप्ता मात्र जनधन खात्यात पडला. मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, पावसाळ्यात उचललेले दोन-तीन हजार हंगामात तोडीतूनच फिटतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्के वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. त्या दराने 3000 फेडायचे म्हणजे आठ टनांवर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडीत चढवायच्या, एका कोयत्याचं, म्हणजे दोघांच्या जोडीचं, चार-पाच दिवसांचं काम. यंदा मुकादमाकडून किती घ्यायचे, हे ठरवताना मावशीने हा हिशोब बोटांवर केला.

दिवाळीनंतर ती फडावर जाणार, तिथे उसाच्या पाचटाने बोटं आणखी फाटणार आणि मशीन त्यांना ओळखेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी दोन कामं करून घेतली: जनधन खात्याचं रुपे कार्ड आणि पिन, आणि आधार केंद्रावर तेव्हाचे 50 रुपये भरून भाच्याच्या जागी तिचा स्वतःचा मोबाइल नंबर.