मीटरवर दीड लाख दिसले तर आधी काय करायचं?

‘सेकंडहँड गाडी घेतोय, मीटरवर दीड लाख किलोमीटरच्या वर आहे. रस्त्यात दगा देऊ नये म्हणून आधी काय काय करून घेऊ?’ हा प्रश्न मला नातेवाईक, सोसायटीतली माणसं, ऑफिसातली नवी मुलं सगळेच विचारतात. माझी जुनी डिझेल डिझायर अडीच लाखांच्या पुढे गेली आहे आणि अजून बिनतक्रार नाशिक-मुंबई करते, म्हणून मला विचारत असावेत. तुम्हीही विचारलंत, तर जरा सविस्तर सांगतो.

दीड लाखाच्या आकड्याला घाबरू नका. माझ्या गाडीतलं १.३ डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण तोवर या इंजिनाच्या टॅक्सींनी तीन-तीन, चार-चार लाख किलोमीटर ओढले होते. नीट ऑइल मिळालेलं इंजिन झिजून बंद पडायला फार वर्षं लागतात. तापलं तर मात्र एका दुपारीत संपतं. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिला पैसा इंजिन थंड ठेवणाऱ्या गोष्टींवर घाला. सीट कव्हर, टचस्क्रीन, पॉलिश हे सगळं नंतर.

गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा सकाळी रेडिएटरचं झाकण उघडून बघा (गरम असताना चुकूनही नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं). ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकण नसतं, त्यांची कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याची) बाटली बघा. आत स्वच्छ हिरवं, निळं किंवा लाल पाणी दिसलं तर आधीच्या मालकाला मनातल्या मनात धन्यवाद द्या. गंजकट तपकिरी पाणी दिसलं, किंवा झाकणाच्या आतून जुन्या बंबात बसतो तसा पांढरा क्षार जमलेला दिसला, तर त्या गाडीने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यायलं आहे. मावसभावाने घेतलेल्या गाडीत मी हेच पाहिलं. रेडिएटर वरून गरम आणि खालच्या कोपऱ्यात गार लागत होता, कारण तिथल्या नळ्या बुजल्या होत्या.

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?’ असं पुष्कळ लोक म्हणतात. कूलंट गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण आपल्याला ते हवं असतं त्यातल्या गंजरोधक रसायनांसाठी. इंजिनाचं हेड म्हणजे वरचा भाग ॲल्युमिनियमचा, ब्लॉक म्हणजे खालचा मुख्य भाग बऱ्याचदा बिडाचा. साध्या पाण्यात दोन्ही आतून खायला लागतात. साधं हिरवं कूलंट दोनेक वर्षांत बदलावं. लाँग लाइफ प्रकारचं जास्त टिकतं, नेमकं किती ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. नुसत्या रंगावर जाऊन दोन प्रकार एकत्र करू नका. आणि पाणी न मिसळलेलं कॉन्संट्रेट आणलंत तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला.

झाकणाचं रबरही बघा. ते झाकण आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की दाब सुटतो आणि कसारा घाटात मे महिन्याच्या दुपारी, एसी लावून, ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये असताना पाणी उकळायला लागतं. झाकण इतकं स्वस्त असतं की जुन्या गाडीला मी ते न बघताच नवं लावायला सांगतो. होज पाइप थंड असताना दाबून बघा. क्लॅम्पजवळ फुगलेला, तडे गेलेला किंवा लिबलिबीत झालेला पाइप लगेच बदला. वॉटर पंपाखाली सुकलेल्या कूलंटचे ओघळ दिसले तर पंप जायला लागला आहे. त्याच वेळी फॅन बेल्टही बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट पंप फिरवतो, तुटला की चार्जिंग आणि कूलिंग दोन्ही एकदम बंद.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. गाडी तापते म्हटलं की काही गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकतात. ‘व्हॉल्व्ह काढला साहेब, आता हीट होणार नाही.’ खरा दोष तसाच राहतो. इंजिन मात्र कायम थंड पळतं, डिझेल-पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये काळा गाळ धरतो. गाडी घेताना थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे स्पष्ट विचारा. नसेल तर लावून घ्या आणि मग खरं दुखणं शोधा: फॅन लागतो का, रेडिएटरच्या जाळीत माती-किडे अडकलेत का, कूलंट कुठे गळतंय.

अनेक छोट्या गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणू नका. पाणी पूर्ण निघून गेलेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि कधीकधी दिवा लागतही नाही. एसी अचानक गरम हवा फेकू लागला किंवा बॉनेटमधून गोडसर वास आला, तरी बाजूला घ्या. तेवढ्या पाच मिनिटांवर हेड वाकणार की वाचणार हे ठरतं. हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, गेलं का, हे ऑइलची पट्टी काढून कळू शकतं. कूलंट मिसळून ऑइल दुधाळ तपकिरी झालं असेल तर ती गाडी घेऊच नका.

ऑइलबद्दल थोडक्यात. आधीचा मालक काहीही सांगो, गाडी हातात आली की ऑइल आणि फिल्टर बदला. माझ्या इंजिनात जेमतेम तीन लिटर ऑइल बसतं आणि टायमिंग चेनही (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारी साखळी) त्यावरच चालते, म्हणून मी पट्टी वारंवार बघतो. तुमच्या गाडीला चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल, जसा आय-१० च्या १.१ इंजिनाला आहे, तर तो बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजा. तो तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. गिअरबॉक्सचं ऑइल कोणालाच आठवत नाही, तेही याच वेळी बदलून टाका.

ब्रेक ऑइलकडे तर इतकं दुर्लक्ष होतं की मला काळजी वाटते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांवर उकळतं, ओलावा मुरलेलं १४० वरच उकळू शकतं. पोरंबाळं, सामान आणि आजी-आजोबा घेऊन आंबा घाट उतरताना सतत ब्रेक लावले की तेवढं तापमान सहज होतं. मग पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी बदला, आणि घाट उतरताना खालचा गिअर टाका. आता टायर. त्याच्या कडेवर DOT या इंग्रजी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षं झालेल्या टायरवर मी हायवेला जात नाही. स्टेपनीचेही आकडे बघा.

आता राहिलं ‘किती वर्षं चालेल?’ ते पत्र्यावर ठरतं. मुंबईत आणि कोकणात समुद्राकाठी राहिलेल्या गाड्यांचा पत्रा खालून सडतो. पायातली मॅटिंग उचला, जॅक लावायची जागा आणि दारांखालचा पत्रा हाताने चाचपा, बॉनेट उघडून शॉक ॲब्झॉर्बरच्या वरच्या बैठका बघा. फ्रिजवरचा छोटा चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे बहुधा पुट्टी भरून रंग मारलेला असतो. दारावर थोडी पुट्टी असेल तर भाव पाडून मागा. बैठकांना किंवा जॅकच्या जागेला असेल, तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ती गाडी सोडून दुसरी बघा.