लिलावातला ट्रॅक्टर आणि नाचणारं झाकण

फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेले ट्रॅक्टर यार्डात लिलावाला लागले की मला कुणाचा तरी फोन येतोच, "जरा बघायला येतोस का". कारण गावात सगळ्यांना माहितीय की मी एकदा चांगलाच फसलोय, आणि फसलेल्या माणसालाच आपल्याकडं जाणकार म्हणतात.

माझा तो ट्रॅक्टर चार सिलेंडरचा, 45 एचपीचा. कंपनी लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही. मीटरवर 2,140 तास, रंग नवाकोरा, मागचे टायर नवे, सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू. मी खूश! ब्लॉकला हात लावून बघायचं डोक्यातच आलं नाही, नाहीतर तेव्हाच कळलं असतं की मी पोचायच्या आधी तो चालवून गरम करून ठेवलाय, आणि गरम इंजिन कसलंही असलं तरी लगेच उचलतं. घरी आणला, दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीत सेल्फ मारला तर पाच-सहा वेळा घरघर करून पेटला आणि गोठ्यात एवढा निळा धूर भरला की आई म्हैस सोडायला पळाली.

मिस्त्री आले. त्यांनी काही न बोलता ऑइल टाकायचं झाकण काढलं आणि चालू इंजिनवर त्याच भोकावर नुसतं उलटं ठेवलं. झाकण टणाटणा उडायला लागलं आणि तिसऱ्या-चौथ्या उडीला खाली पडलं. "बघा मालक, कसं नाचतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्यात, वरचा सगळा वारा खाली येतोय." चांगल्या इंजिनात ते जागेवर थोडं थरथरतं एवढंच. मग त्यांनी ऑइल मोजायची पट्टी काढून ऑइल बोटांत चोळायला लावलं, काकवीसारखं घट्ट. आवाज आणि धूर दाबायला त्यात गिअरचं 90 नंबर ऑइल मिसळलेलं होतं.

इंजिन उघडल्यावर लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीत, वरची रिंग जिथपर्यंत येते तिथं नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं, झिजून चक्क पायरी पडलेली. कारण काय, तर एअर फिल्टरची धूळ धरायची ऑइलची वाटी कोरडी ठणठणीत, आणि फिल्टरच्या पुढं इंजिनकडं जाणाऱ्या रबरी पाइपात बोट घातलं तर बोटाला माती. रोटाव्हेटरच्या धुळीत तसाच ओढलेला. ही माती आत गेली की लायनर घासायला पॉलिश पेपरच लागत नाही. आता मी कुठल्याही यार्डात गेलो की आधी त्या पाइपात बोट घालतो, लोक हसतात, हसू देत.

आणि ते 2,140 तास! तेवढ्यात क्लचच्या पायडलाचं रबर जाऊन लोखंड चकचकीत होत नाही, ट्रॉली जोडायच्या हुकाचं गोल भोक लांबट होत नाही. आमच्या सांगली भागात दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढलेला ट्रॅक्टर हुकावरनंच ओळखू येतो. जुन्या मीटरची केबल काढली की मीटर बंद, विषय संपला. शिवाय तो घड्याळाचा तास मोजतच नाही, इंजिनच्या फेऱ्या मोजतो, ठरलेल्या आरपीएमला एक तास पडतो. कारखान्याच्या रांगेत रेस न देता स्लोवर दोन तास चालला तरी मीटरवर एक तास पुरा भरत नाही.

धुराचं बहुतेकांना माहीत असतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळ्याला मी फार घाबरत नाही, नोझल, पंप नाहीतर फिल्टरवर भागतं. पांढरा थंडीत मिनिटभर आला तर चालतं, गरम झाल्यावरही येत राहिला तर मात्र संशय घ्या. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढायचं आणि मग इंजिन चालू करायचं, बुडबुडे यायला लागले किंवा तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट नाहीतर हेडच गेलंय. पट्टीवर चहासारखं दुधाळ ऑइल असलं, ब्लॉकवर एम-सीलचा लेप असला किंवा गरम झाल्यावर स्लोला ऑइल प्रेशरचा काटा तळाला गेला तर मी तिथूनच गाडी वळवतो. बाकी इंजिन चांगलंय का हे बघायला मी आता जातच नाही. काम निघणारच हे धरायचं, किती निघेल ते बघायचं आणि तेवढे पैसे वजा करून बोली लावायची.

मागच्या दिवाळीनंतर चुलतभावासाठी एक बघितला. त्याला बॅटरीच नव्हती. सायलेन्सर उभा, वर झाकण नाही, अख्खा पावसाळा उघड्यावर काढलेला. इंजिन फिरतंय का बघायला बेल्ट दाबून धरून फॅन फिरवायला गेलो तर हलेना, जाम. बाकीचे लोक तिथूनच मागं फिरले. मिस्त्रींनी पट्टी काढली, ऑइल काळं पण पाणी नाही. पाइप आतून स्वच्छ. हुकाचं भोक गोल. "फुल काम धरून बोला," म्हणाले. आकडा ठरवला, भावाला बजावलं की एक रुपया वर गेला तरी हात खाली, आणि मिळाला. उघडला तर एका सिलेंडरमध्ये सायलेन्सरचं पाणी उतरून रिंगा गंजून लायनरला धरलेल्या. बाकीच्या तीन लायनरवर होनिंगच्या, म्हणजे नव्या लायनरला आतनं पाडलेल्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे झीज जवळपास नाहीच. मिस्त्री दोन मिनिटं नुसते बघतच बसले.

भाऊ आता रोज संध्याकाळी सायलेन्सरवर रिकामा पत्र्याचा डबा पालथा घालतो. सकाळी काढायला विसरतो, सेल्फ मारतो आणि डबा उडून गोठ्याच्या पत्र्यावर.