चार पुतळ्यांपाशी थांबताना

पुण्याहून निघालेली हुतात्मा एक्स्प्रेस रात्री सोलापूरला पोचली. ज्यांच्यामुळे गाडीला हे नाव मिळालं, त्यांना भेटायला सकाळी उठून गेलो. रिक्षावाल्याला "हुतात्मा चौक" म्हणालो, तर तो म्हणाला, "चार पुतळा म्हणा की मालक!"

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेले चौघे. एक म्हातारेबुवा धोतराच्या सोग्याने चौथरा पुसत होते. आदल्या दिवशीच्या हारातली झेंडूची सुकलेली फुलं त्यांनी वेचून पिशवीत भरली, रस्त्यावर एकही टाकलं नाही. मी वाकून एक फूल उचलून दिलं. "पायाखाली येऊ नये," एवढंच बोलले.

या चौघांची गोष्ट मे 1930 मधली. गांधीजींच्या अटकेनंतर गिरण्यांचं हे गाव पेटलं. गोळीबार झाला, पोलीस मागे हटले आणि काही दिवस गावाचा कारभार लोकांनीच पाहिला. मग कलेक्टरच्या हातून सूत्रं लष्कराकडे गेली. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, जूनअखेरपर्यंत चालला. हातात तिरंगा धरला म्हणून माणसं तुरुंगात गेली. त्या शिक्षांविरुद्ध सोलापूरकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. लष्करी कायद्याची गरज होती का, हे कोर्टाला विचारण्याची हिंमत या गावाने दाखवली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

इंग्रजांनी फौज उभी केली ती नुसती सरहद्दीसाठी नव्हती, आपल्याच रयतेला धाकात ठेवायलाही होती. 1857 नंतर भरतीचा ओढा पंजाबकडे वळवला. सरसेनापती व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसायचा. 1947 ला ही एकच फौज दोन देशांत वाटली गेली, बराकी, मेस, कवायती, सगळं तेच. लाहोरमध्ये 1953 साली सरकारनेच लष्कराला बोलावलं आणि 1958 मध्ये अख्खा पाकिस्तान मार्शल लॉखाली गेला. आपल्याकडे सरसेनापतीच्या दिल्लीतल्या बंगल्यात, आजच्या तीन मूर्ती भवनात, नेहरू राहायला गेले आणि 1955 मध्ये ते पदच गेलं.

फौज एकच, मग फरक कशाने पडला? घटना, नेहरू ही कारणं आहेतच. पण या चौकात उभं राहिल्यावर मला वाटतं, मूळ कारण इथल्या पेठांत आहे. इथे स्वातंत्र्याच्या आधीच नगरपालिका होती, गिरणी कामगारांच्या संघटना होत्या, गल्लीगल्लीत काँग्रेस होती. राज्य चालवायला लोक आधीच शिकले होते. पाकिस्तानच्या वाट्याला भरतीचा पंजाब आला आणि तिथे मुस्लिम लीगची मुळं तेवढी खोल गेली नव्हती.

म्हणून आपण सुटलो, असं मात्र मी म्हणणार नाही. 'चले जाव' चिरडायला 1942 मध्ये काढलेला सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा वटहुकूम 1958 मध्ये आपल्याच संसदेने कायदा करून ईशान्येत लावला. घटनेच्या 34व्या कलमात लष्करी कायदा हा शब्द आजही आहे. सोलापूरने जे सोसलं, ते मणिपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. याचं मला मनापासून दुःख आहे.

म्हातारेबुवांनी पिशवीची गाठ मारली. "आमच्या वडिलांनी ते दिवस पाहिले होते," ते म्हणाले. "बूट वाजले की आई दिवा विझवायची."